जॉन वेस्ली : अठ्ठावीस पौंडांत जगलेला माणूस

जॉन वेस्ली यांचा जन्म १७ जून १७०३ रोजी इंग्लंडमधील एपवर्थ या गावी झाला. वडील सॅम्युअल तेथील चर्चचे धर्मगुरू होते. पुढे मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक म्हणून जॉन जगभर प्रसिद्ध झाले. मला मात्र त्यांच्या प्रवचनांपेक्षा त्यांचा जमाखर्च जास्त भावला.

ते पाच वर्षांचे असताना, ९ फेब्रुवारी १७०९ च्या रात्री, घराला आग लागली. सगळे बाहेर पडले, जॉन तेवढे वरच्या मजल्यावर अडकले. जिना पेटला होता. ते खिडकीजवळच्या पेटीवर चढून उभे राहिले. शिडी आणायला वेळ नव्हता. तेव्हा एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर उभा राहिला आणि त्याने मुलाला बाहेर ओढून घेतले. लगेच छप्पर कोसळले. घर आणि पुस्तके जळत होती, तरी वडिलांनी शेजाऱ्यांना गुडघे टेकून देवाचे आभार मानायला सांगितले. आठही मुले वाचली, एवढी संपत्ती त्यांना पुरेशी वाटली. देवाने आपल्याला वाचवले, ही जाणीव जॉन यांनी जन्मभर जपली.

१७२६ मध्ये ते ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजचे फेलो झाले. ऑक्सफर्डमध्ये असताना एका वर्षी त्यांची मिळकत ३० पौंड होती. २८ पौंडांत त्यांनी भागवले आणि २ पौंड दान केले. पुढच्या वर्षी मिळकत ६० पौंड झाली, तरी खर्च २८ च राहिला आणि दान ३२ झाले. तिसऱ्या वर्षी ९० पैकी ६२ आणि चौथ्या वर्षी १२० पैकी ९२ पौंड त्यांनी देऊन टाकले. मी हा हिशेब वहीत मांडून पाहिला. मिळकत चौपट झाली, पण दान ४६ पट झाले! आमच्या होस्टेलमध्ये पॉकेटमनी वाढला की कँटीनचा खर्चही तेवढाच वाढतो.

वेस्ली देवाला खूश करून काही मिळवण्यासाठी देत नव्हते. जे आहे ते देवाचेच आहे, आपण फक्त त्याचे कारभारी आहोत, असे ते मानत. बरेच ख्रिस्ती लोक मिळकतीचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, देवाला अर्पण करतात. वेस्लींच्या मते तेवढ्यावर थांबायचे नव्हते. प्रामाणिकपणे भरपूर कमवावे, उधळपट्टी टाळावी आणि उरलेले सर्व द्यावे, अशी त्यांची शिकवण होती.

त्यांच्या पुस्तकांची विक्री खूप होई. १७७६ मध्ये करखात्याला संशय आला की त्यांनी घरातली चांदी लपवली आहे. वेस्लींनी कळवले, की माझ्याकडे लंडनमध्ये दोन आणि ब्रिस्टलमध्ये दोन चांदीचे चमचे आहेत; भोवती लोकांना भाकरी मिळत नसताना मी आणखी चांदी घेणार नाही.

जानेवारी १७८५ मध्ये ते ८१ वर्षांचे होते. गरिबांना कोळसा आणि पाव वाटताना त्यांच्या लक्षात आले, की या लोकांना कपडेही हवेत. मग ते पाच दिवस लंडनच्या रस्त्यांवर, घोट्यापर्यंत वितळत्या बर्फात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत मदत मागत फिरले. २०० पौंड जमले आणि वेस्ली आजारी पडले. त्या वयात ते दुसऱ्या कोणाला पाठवू शकले असते. एवढ्या थंडीत आपण पी.टी.ला जायलाही कुरकुर करतो.

२ मार्च १७९१ रोजी त्यांचे निधन झाले. आपली शवपेटी सहा गरीब माणसांनी उचलावी आणि त्या प्रत्येकाला एक पौंड द्यावा, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.

मित्रांनो, काही वर्षांनी आपण अधिकारी होऊ, पगार मिळेल, तो वाढतही जाईल. आपला धर्म कोणताही असो, आपल्याला किती पुरे आहे, हा आकडा पहिल्या पगाराआधीच ठरवून ठेवावा असे मला वाटते. त्यापुढचे सारे आभार मानण्यासाठी आहे.