एकच कथा, 108 रामायणे: बारामतीचे मोरोपंत लिहिते कसे राहिले?

कथा रामाचीच, पण मोरोपंतांनी ती 108 वेळा लिहिली असे मानले जाते. मग कंटाळा कसा आला नाही?

मोरेश्वर रामाजी पराडकर यांचा जन्म 1729चा, पन्हाळ्याचा. तिथेच केशव पाध्ये आणि गणेश पाध्ये यांच्याकडे ते संस्कृत शिकले. पुढे कऱ्हेकाठी बारामतीत, पेशव्यांचे सोयरे बाबूजी नाईक यांच्याकडे पुराणिक झाले. पोथी वाचून श्रोत्यांना अर्थ उलगडून सांगायचा, हा चरितार्थ. कवितेसाठी त्यांनी वेगळा विषय शोधला नाही. जे रोज सांगायचे, तेच लिहायचे.

नवेपणा आणला तो अटींनी. ‘निरोष्ठ रामायणा’त प, फ, ब, भ, म अशी ओठ मिटवणारी अक्षरेच वर्ज्य. म्हणजे ‘राम’ हा शब्दही बाद! नायकाचे नाव न घेता त्याची कथा सांगायची, तर कवीला प्रत्येक ओळीत नवा शब्द धुंडाळावाच लागतो. आर्या तर इतकी हाताशी बसली की अख्खे महाभारत त्यांनी तिच्यात आणले.

ही निव्वळ शब्दांची कसरत, अशी टीका झाली. ती अगदीच खोटी नाही. पण उतारवयात त्यांनी पृथ्वी वृत्तात ‘केकावली’ लिहिली. केका म्हणजे मोराचा टाहो. इथे कथा नाही, देवाकडे स्वतःसाठी केलेली विनवणी आहे. 1794 मध्ये बारामतीतच ते निवर्तले.