पोवळ्याला प्राणी म्हणणारा डॉक्टर

अंगठीत बसवतात ते पोवळे म्हणजे समुद्रातले झाड, अशी अठराव्या शतकाच्या आरंभी युरोपातल्या विद्वानांचीही समजूत होती. १७०६ मध्ये मार्सिली या इटालियन अभ्यासकाने ताज्या पोवळ्यावर आठ पाकळ्यांची पांढरी फुले पाहिली आणि प्रश्न मिटल्यासारखा झाला.

तो पुन्हा उकरून काढला झाँ आंद्रे पेसोनेल यांनी. सावरकरांच्या उडीमुळे आपल्याला माहीत असलेल्या मार्सेलिसमध्ये १६९४ साली जन्मलेले हे डॉक्टर. १७२० मध्ये शहरात प्लेग आला, तेव्हा त्यांनी रुग्णसेवा केली. त्यांचे वडीलही डॉक्टर, ते त्याच साथीत गेले.

१७२५ च्या सुमारास उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पेसोनेल यांनी पोवळ्याच्या ताज्या फांद्या समुद्राच्या पाण्यात ठेवून पाहिल्या. ‘फुले’ उमलत, स्पर्श होताच मिटत. फांदी कुजली की वास यायचा तो सडक्या मांसाचा, पाल्याचा नव्हे. म्हणजे ही फुले नव्हेत, इवले प्राणी आहेत आणि कठीण फांदी ही त्यांचीच निर्मिती! त्यांनी हे पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. तिथले बडे शास्त्रज्ञ रेओमूर यांना ते इतके अशक्य वाटले, की त्याची चर्चा करताना त्यांनी पेसोनेल यांचे नावच घेतले नाही. तेही म्हणे त्यांची अब्रू राखण्यासाठी.

पेसोनेल कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावर सरकारी डॉक्टर म्हणून गेले. तिथे कुष्ठरुग्ण तपासले, प्रवाळांचा अभ्यासही सोडला नाही. पुढे त्रेंबले यांच्या हायड्रावरील प्रयोगांनी वारे फिरले आणि १७४२ मध्ये रेओमूर यांनी पेसोनेल यांचे म्हणणे जाहीरपणे मान्य केले. १७५९ मध्ये ग्वादेलूपमध्येच त्यांचे निधन झाले.

या भागातल्या समुद्रात खडक उभारणारे मुख्य प्रवाळ म्हणजे सांबरशिंगासारख्या रुंद फांद्यांचे एल्कहॉर्न. आज ते अतिसंकटग्रस्त आहे. प्रवाळ प्राणी असल्याने ते आजारीही पडते. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पांढऱ्या पट्ट्याच्या रोगाने ते मोठ्या प्रमाणात मेले. तापलेल्या पाण्याने उरलेल्यांचे हाल केले. फ्लोरिडात तर त्याच्यावर पांढरे डाग पाडणारा जंतू निघाला सेरेशिया मार्सेसेन्स. रुग्णालयात मूत्रमार्गाचा, जखमांचा संसर्ग करणारा हा डॉक्टरांच्या ओळखीचा जंतू माणसांच्या सांडपाण्यातून समुद्रात पोहोचला होता. तिथल्या की वेस्ट शहराने मग सांडपाण्याचे शुद्धीकरण सुधारले. समुद्रातल्या रोपवाटिकांत एल्कहॉर्नचे तुकडे वाढवून ते खडकावर पुन्हा बसवण्याचे कामही सुरू आहे. रोपवाटिका हा शब्द मात्र झाडांचाच राहिला.