शाळेपलीकडच्या सावित्रीबाई

सावित्रीबाई फुले हे नाव घेतले की हातात पुस्तक घेतलेली शिक्षिका आपल्या डोळ्यांसमोर उभी राहते. दर वर्षी ३ जानेवारीला आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो, स्त्रीशिक्षणावर भाषणे करतो. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना त्यांचा अंत झाला, ही गोष्ट मात्र भाषणाच्या शेवटी एका वाक्यात उरकली जाते. वास्तविक त्यांच्या आयुष्यात शाळेइतकाच बळकट असा दुसरा एक धागा होता. ज्याला कोणी शिवत नाही, ज्याच्यापर्यंत पाणी आणि औषध पोचत नाही, त्याचा जीव वाचवण्याचा तो धागा होय.

सावित्रीबाईंचा जन्म १८३१ साली आपल्या सातारा जिल्ह्यातील नायगावला नेवसे पाटलांच्या घरी झाला. १८४० साली जोतीरावांशी त्यांचा विवाह झाला. फुल्यांचे मूळ गावही आपल्याच खटाव तालुक्यातील कटगुण. पुढे पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा सुरू झाली आणि मग महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा निघाल्या. हा इतिहास आपण सर्वजण जाणतो, म्हणून तो येथे विस्ताराने सांगत नाही.

त्या काळी अस्पृश्य मानलेल्या माणसांना सार्वजनिक पाणवठ्यावर जाता येत नसे. कोणी वरून ओंजळीत ओतले तर पाणी मिळे, नाही तर ओढ्याचे गढूळ पाणी पिण्यावाचून गत्यंतर नसे. पटकीचा रोग दूषित पाण्यातून पसरतो हे लंडनमध्ये डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ साली दाखवून दिले होते. म्हणजे पाणवठ्यावरची बंदी हा केवळ अपमानाचा प्रश्न नव्हता, तो जगण्यामरण्याचा प्रश्न होता. १८६८ साली फुले दांपत्याने आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. हौद एकाच घरचा होता. पण पाणी सर्वांचे आहे हे त्यातून पुण्याला कळले.

त्याआधी १८६३ साली त्यांनी आपल्या घरीच बालहत्या प्रतिबंधक गृह काढले होते. बालविधवांचा पुनर्विवाह निषिद्ध होता आणि त्यांच्यावर अत्याचार करणारे मात्र उजळ माथ्याने वावरत. दिवस गेलेल्या विधवेपुढे विहीर जवळ करणे किंवा पोटातले मूल मारणे एवढेच मार्ग उरत. अशा स्त्रियांची बाळंतपणे सावित्रीबाईंनी केली. जोतीरावांनी १८८४ साली नमूद केल्याप्रमाणे तोवर पस्तीस विधवा तेथे बाळंत झाल्या होत्या, पण त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. गर्भ पाडण्यासाठी आयांनी घेतलेल्या जालीम औषधांनी बाकीची आधीच दुखावलेली होती. हा आकडा वाचून मन सुन्न होते. गृहाचे दार उघडे होते, पण लोकलज्जेने ती स्त्री दारापर्यंत पोचेतो उशीर झालेला असे.

या गृहात काशीबाई नावाच्या ब्राह्मण विधवेला झालेला मुलगा फुले दांपत्याने दत्तक घेतला. त्याचे नाव यशवंत. पुढे तो डॉक्टर झाला.

१८९० साली जोतीराव गेले. सावित्रीबाई मात्र सत्यशोधक समाजाचे काम करीत राहिल्या. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच तो पुण्यात शिरला. प्लेगचे जंतू १८९४ साली सापडले होते, परंतु उंदरावरच्या पिसवांमुळे रोग पसरतो हे १८९८ साली उमगले. खात्रीचे औषध नव्हतेच. फेब्रुवारी १८९७ मध्ये सरकारने साथीच्या रोगांचा कायदा केला आणि मार्चमध्ये पुण्यात गोऱ्या शिपायांच्या घरझडत्या सुरू झाल्या. लोकांना रोगाइतकीच सरकारची धास्ती वाटू लागली. या घरझडत्या सुरू होण्याआधीच सावित्रीबाईंनी यशवंताला बोलावून घेतले आणि पुण्याजवळ हडपसरला ससाणे यांच्या माळावर दवाखाना सुरू केला.

मुंढव्याच्या महारवाड्यात गायकवाड घराण्यातील मुलगा प्लेगने आजारी पडल्याचे त्यांना कळले. सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेतले आणि दवाखान्यात आणले. या शुश्रूषेतच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांची प्राणज्योत मालवली.

येथे क्षणभर थांबून विचार करावासा वाटतो. ज्या बाळाला समाजाने जन्मूही दिले नसते, त्याला माळ्याच्या घरातील बाईने वाढवले, आणि तेच डॉक्टर होऊन महारवाड्यातील मुलावर उपचार करायला उभे राहिले. जातिभेद मोडण्याचे याहून मोठे उदाहरण कोणते?

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझ्या आजीची सगळी बाळंतपणे घरीच झाली आणि त्यांत दोन मुले दगावली. आजी त्याला नशीब म्हणते. मिरजेत तर डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ सालीच मिशनचे इस्पितळ उभे केले होते. आज मिरज-सांगलीला लांबलांबून रुग्ण येतात. मग माझ्या आजीपर्यंत वैद्यकीय मदत का पोचली नाही? अंतर केवळ कोसांचे नसते. गाडीभाड्याचे, अज्ञानाचे आणि आपल्याला तेथे कोण विचारणार या भीतीचेही असते. हंगामात कराड-वाळवा भागात ऊसतोडणीला येणाऱ्या बाया दिवस भरत आले तरी मोळ्या उचलताना दिसतात. दवाखाना जवळ असतो, पण एक खाडा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली.

राज्य सरकारच्या जन आरोग्य योजनेला २०१७ साली महात्मा जोतीराव फुले यांचे नाव दिले गेले, ते योग्यच झाले. पण योजना कागदावर असते, ती माणसापर्यंत न्यावी लागते. आज वस्तीवस्तीवर पायी फिरणाऱ्या आशाताई हेच काम करतात. रोगी आपल्या दारी येईल म्हणून सावित्रीबाई वाट पाहत बसल्या नाहीत. त्या मुंढव्याला गेल्या. आपण शिकलेल्या मुलामुलींनी त्यांच्या चरित्रातून निदान एवढे घ्यावे की, आपल्या गावात दवाखान्यापर्यंत कोण पोचत नाही, याची एकदा चौकशी करावी.