वेगाला वेसण घालणारा मंत्री

लेस्ली होअर-बेलिशा यांचा जन्म १८९३ साली लंडनमधील एका ज्यू कुटुंबात झाला. वर्षाचे होण्याआधीच त्यांचे पितृछत्र हरपले. ऑक्सफर्डमधील शिक्षण आणि पहिल्या महायुद्धातील लष्करी सेवेनंतर १९२३ मध्ये ते डेव्हनपोर्टमधून संसदेवर निवडून गेले.

१९३४ च्या उन्हाळ्यात वाहतूक खाते त्यांच्याकडे आले. मोटारींवरील ताशी २० मैलांची मर्यादा १९३० च्या कायद्याने उठली होती. १९३४ या एका वर्षात ब्रिटनच्या रस्त्यांवर ७,३४३ जणांचे बळी गेले. कॅम्डनमध्ये रस्ता ओलांडताना खुद्द मंत्रिमहोदयच भरधाव मोटारीखाली येता येता बचावले.

वेगमर्यादेच्या कायद्याचा मसुदा त्यांच्या पूर्वसुरींचा होता. तो अमलात आणण्याचे काम बेलिशांनी केले. १८ मार्च १९३५ पासून वस्तीतील रस्त्यांवर ताशी ३० मैलांची, म्हणजे सुमारे ४८ किलोमीटरची मर्यादा आली. पथदिव्यांमधील अंतर दोनशे यार्डांहून अधिक नसेल, तर तो रस्ता वस्तीतला, ही कायद्याची सोपी खूण होती. मोटारप्रेमींचा विरोध झाला, पण बेलिशा बधले नाहीत. नव्या चालकांना परीक्षा सक्तीची झाली. त्या वर्षी बळींची संख्या सुमारे साडेसहा हजारांवर आली.

पुढे मिळालेले युद्धमंत्रिपद १९४० मध्ये गेले. १९५७ साली फ्रान्समध्ये त्यांचे निधन झाले. वेल्सने २०२३ मध्ये बहुतेक निवासी रस्त्यांवरील मर्यादा ३० वरून २० मैलांवर आणली. पादचाऱ्यांसाठी उभारलेले पिवळ्या दिव्यांचे खांब मात्र आजही बेलिशांच्याच नावाने ओळखले जातात.