रायपूरच्या सहकाराची पायाभरणी करणारे वामनराव लाखे

रायपूर : पुरानी बस्तीला लागून असलेल्या लाखेनगराचे नाव रोज हजारो लोकांच्या तोंडी असते, परंतु ज्यांच्यावरून ते पडले, त्या वामनराव लाखे यांचा परिचय मराठी वाचकांना क्वचितच असतो. 17 सप्टेंबर 1872 रोजी रायपुरात एका मराठी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. 1900 मध्ये माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर यांच्या संपादनाखाली ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले, त्याचे प्रकाशक लाखेच होते. पुढे त्यांनी रायपुरात वकिली केली.

त्यांचे खरे कर्तृत्व मात्र सहकारात आहे. 1904 च्या कायद्याने गावोगावी पतसंस्था काढण्याची मुभा मिळाली होती. सभासद स्वतः जितकी रक्कम उभी करतील, तितकेच कर्ज सरकार देई. त्याची मर्यादा दोन हजार रुपये असे आणि पहिली तीन वर्षे व्याज पडत नसे. प्राप्तिकर, मुद्रांक व नोंदणी शुल्कातही सवलतीची तरतूद होती. धोरण चांगले होते. पण एकेकट्या गावसंस्थेला शहरातील ठेवीदार विचारीत नसत, हिशेब जाणणारा माणूस तिला परवडत नसे आणि दुष्काळाच्या वर्षी सगळेच सभासद एकदम अडचणीत येत. अखेर शेतकरी पुन्हा सावकाराच्या दारी जाई. 1912 च्या कायद्याने अशा संस्थांना एकत्र येऊन मध्यवर्ती बँक स्थापण्याचा मार्ग खुला केला. लाखे यांनी दिरंगाई केली नाही. 1913 मध्येच रायपूर सहकारी मध्यवर्ती बँक उभी राहिली आणि अनेक गावांच्या संस्थांना एकच सामाईक आधार लाभला. या बँकेचे मानद सचिवपद त्यांनी दीर्घकाळ विनावेतन सांभाळले.

सरकारने त्यांना ‘रायसाहेब’ ही पदवी दिली होती. असहकाराच्या काळात ती त्यांनी परत केली. लोकांनी त्यांना ‘लोकप्रिय’ म्हणून गौरविले. सहकाराचे काम मात्र त्यांनी सोडले नाही. वरवर पाहता हे विसंगत वाटेल. पण पदवी त्यांची स्वतःची होती, सवलती शेतकऱ्यांच्या होत्या.

रायपूर नगरपालिकेचे अध्यक्षपदही त्यांनी भूषविले. 1930 च्या सविनय कायदेभंगात रायपूरच्या पाच नेत्यांना लोक पांडव म्हणत. त्यांत लाखे युधिष्ठिर, तर पुरानी बस्तीतील जैतूसाव मठाचे महंत लक्ष्मीनारायण दास भीम मानले जात. त्या आंदोलनात लाखे यांना एक वर्षाचा कारावास झाला. वैयक्तिक सत्याग्रहातही ते पुन्हा तुरुंगात गेले. तेव्हा त्यांचे वय सत्तरीला टेकले होते.

वार्धक्यातही सहकार सुटला नाही. 1945 मध्ये बलौदाबाजार येथे शेतकऱ्यांची सहकारी भातगिरणी त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. 21 ऑगस्ट 1948 रोजी त्यांचे निधन झाले.