ख्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल

ख्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल (२२ सप्टेंबर, इ.स. १७५०:ब्रांडेनबुर्ग, प्रशिया - ७ एप्रिल, इ.स. १८१६:बर्लिन) हे जर्मन शिक्षक व वनस्पतिशास्त्रज्ञ होते. फुलांचा रंग, गंध, आकार व मकरंद यांचा कीटकांशी आणि परागणाशी असलेला संबंध त्यांनी प्रत्यक्ष निरीक्षणातून दाखवून दिला. इ.स. १७९३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ग्रंथ परागण परिस्थितिविज्ञानाचा पाया मानला जातो. मात्र त्यांच्या हयातीत या ग्रंथाची फारशी दखल घेतली गेली नाही.

प्रारंभिक जीवन

श्प्रेंगेल यांचे वडील धर्मोपदेशक होते. त्यांनी हाले येथील विद्यापीठात ईश्वरशास्त्राचे शिक्षण घेतले. इ.स. १७७४ पासून त्यांनी बर्लिनमध्ये अध्यापन केले आणि इ.स. १७८० मध्ये ते बर्लिनजवळील श्पांडाउ येथील शाळेचे मुख्याध्यापक झाले. प्राचीन भाषा हा त्यांच्या अध्यापनाचा मुख्य विषय होता. वनस्पतिशास्त्राचे औपचारिक शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. श्पांडाउ येथे वैद्यकीय व्यवसाय करणारे एर्न्स्ट लुडविग हाइम हे वनस्पतींचे जाणकार होते. प्रकृतीच्या तक्रारींमुळे त्रस्त असलेल्या श्प्रेंगेल यांना त्यांनी मोकळ्या हवेत हिंडून वनस्पतींचा अभ्यास करण्याचा सल्ला दिला. या सल्ल्यामुळे त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली. हाले येथील वनस्पतिशास्त्रज्ञ कुर्ट श्प्रेंगेल हे त्यांचे पुतणे होत.

पार्श्वभूमी

वनस्पतींमध्ये लैंगिक प्रजनन होते, हे रुडॉल्फ कामेरारियुस यांनी इ.स. १६९४ मध्ये प्रयोगांद्वारे दाखवले होते. कीटक परागकण वाहून नेतात, असे योझेफ कोल्रॉयटर यांनी इ.स. १७६१ पासून प्रसिद्ध केलेल्या लेखनात नोंदवले होते. तरीही, एकाच फुलात पुंकेसर व कुक्षी असल्यास त्या फुलाचे परागण त्याच्याच परागांनी होत असले पाहिजे, हा समज दृढ होता. मकरंदाच्या प्रयोजनाविषयीही मतभेद होते. तो बीजांडाच्या पोषणासाठी असतो असे काही अभ्यासक मानीत, तर मधमाशी फुलातून मकरंद चोरून नेते असे इतरांना वाटे.

निरीक्षणे

इ.स. १७८७ च्या उन्हाळ्यात जिरेनियमच्या एका रानटी जातीचे फूल पाहताना श्प्रेंगेल यांना पाकळ्यांच्या तळाशी बारीक, मऊ केस आढळले. केसांच्या आत मकरंदाचे थेंब होते. पावसाचे पाणी मकरंदात मिसळू नये, यासाठी हे केस असावेत असे त्यांनी अनुमानले. मकरंदाचे असे रक्षण होत असेल, तर ते कीटकांसाठीच असले पाहिजे, असा त्यांचा तर्क होता. पुढील वर्षी मायोसोटिसच्या निळ्या फुलात नळीच्या तोंडाभोवती असलेले पिवळे कडे त्यांनी पाहिले. पाकळ्यांवरील असे ठिपके व रेषा कीटकाला मकरंदाची वाट दाखवतात, हा निष्कर्ष त्यांनी त्यावरून काढला. आयरिसच्या फुलाची रचना पाहिल्यावर, कीटकांवाचून काही फुलांचे परागण होऊच शकत नाही, अशी त्यांची खात्री पटली.

इ.स. १७९० मध्ये एपिलोबियमच्या फुलात पराग आधी बाहेर पडतात आणि कुक्षी त्यानंतर पक्व होते, असे त्यांना दिसले. त्यामुळे जुन्या फुलाच्या कुक्षीवर नव्या फुलाचे पराग कीटकांनी आणून पोचवावे लागतात. युफोर्बियाच्या एका जातीत हा क्रम उलटा असून तेथे कुक्षी आधी पक्व होते. या घटनेला भिन्नकालपक्वता म्हणतात. अनेक द्विलिंगी फुलांमध्ये स्वपरागण टाळले जाते, हे त्यावरून स्पष्ट झाले.

ग्रंथ

फुलांची रचना व फलन यांतील निसर्गाचे उलगडलेले रहस्य, अशा आशयाच्या शीर्षकाचा त्यांचा जर्मन ग्रंथ इ.स. १७९३ मध्ये बर्लिन येथे प्रसिद्ध झाला. त्यात ४६१ वनस्पतींचे वर्णन असून श्प्रेंगेल यांच्या चित्रांवरून कोरलेले २५ ताम्रपट आहेत. वाऱ्याने परागण होणाऱ्या फुलांना भडक पाकळ्या, गंध व मकरंद नसतो आणि त्यांचे पराग हलके व विपुल असतात, हा भेदही त्यांनी मांडला. अॅरिस्टोलोकियाच्या नळीतील केसांमुळे लहान माश्या काही काळ अडकून पडतात व केस सुकल्यावर सुटतात, असे त्यांनी वर्णिले. काही ऑर्किडच्या फुलांना मकरंद साठवण्यासारखी शुंडिका असूनही तीत मकरंद नसतो. अशी फुले कीटकांना फसवतात, असे त्यांचे मत होते.

उपेक्षा आणि उत्तरायुष्य

तत्कालीन वनस्पतिशास्त्रात नव्या जातींचे वर्णन व वर्गीकरण यांना प्राधान्य होते. शेतात तासन्‌तास बसून एका फुलावर येणारे कीटक पाहणे हे शास्त्रीय कार्य समजले जात नव्हते. श्प्रेंगेल निसर्गाला मानवी बुद्धी व हेतू चिकटवतात, अशी टीका गटे यांनी केली. या टीकेला आधार होता, कारण फुलांची रचना निर्मात्याच्या योजनेनुसार आहे असे श्प्रेंगेल मानीत. स्वपरागण टाळल्याने वनस्पतीला कोणता लाभ होतो, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. त्यामुळे त्यांची निरीक्षणे अचूक असूनही त्यांचे महत्त्व लक्षात आले नाही. ग्रंथाचा दुसरा भाग प्रसिद्ध झाला नाही.

शाळेतही त्यांचे पालक व वरिष्ठ यांच्याशी खटके उडत. अध्यापनाकडे दुर्लक्ष होत असल्याच्या तक्रारी होत्या. इ.स. १७९४ मध्ये त्यांना निवृत्त करण्यात आले. त्यानंतर ते बर्लिनमध्ये अविवाहित व एकाकी जीवन जगले. तुटपुंज्या निवृत्तिवेतनाला ते खासगी शिकवण्यांची जोड देत. रविवारी ते लोकांना वनस्पती दाखवण्यासाठी सहलीवर नेत. इ.स. १८११ मध्ये त्यांनी मधमाश्यांच्या उपयुक्ततेवर पुस्तक लिहिले. मधमाशीपालनाचा लाभ केवळ मध व मेण यांपुरता नसून परागणामुळे पिकांनाही होतो, असे त्यांनी त्यात प्रतिपादन केले. इ.स. १८१६ मध्ये बर्लिन येथे त्यांचे निधन झाले.

पुनर्मूल्यमापन

इ.स. १८४१ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राउन यांच्या सूचनेवरून चार्ल्स डार्विन यांनी हा ग्रंथ वाचला. त्यातील निरीक्षणांची सत्यता त्यांनी स्वतः पडताळून पाहिली. ऑर्किडच्या परागणावरील इ.स. १८६२ च्या व परपरागणाच्या परिणामांवरील इ.स. १८७६ च्या ग्रंथांत त्यांनी श्प्रेंगेल यांच्या कार्याचा उल्लेख केला. परपरागणातून निपजलेली रोपे बहुधा अधिक जोमदार असतात, हे डार्विन यांच्या प्रयोगांनी दाखवले. श्प्रेंगेल यांच्या मांडणीतील उणीव त्यामुळे भरून निघाली आणि निर्मात्याच्या योजनेची जागा नैसर्गिक निवडीने घेतली. मकरंदहीन ऑर्किड कीटकांना फसवतात, हे मत मात्र डार्विन यांना पटले नव्हते. या बाबतीत श्प्रेंगेल यांचेच म्हणणे पुढे खरे ठरले.

हेर्मान म्युलर यांनी इ.स. १८७३ मध्ये फुले व कीटक यांच्या संबंधांवर मोठा ग्रंथ लिहून हा अभ्यास पुढे नेला. श्प्रेंगेल यांच्या ग्रंथाची पाउल क्नुथ यांनी संपादित केलेली आवृत्ती इ.स. १८९४ मध्ये निघाली. ऑस्ट्रेलियात आढळणाऱ्या श्प्रेंगेलिया या वनस्पती प्रजातीला त्यांचे नाव देण्यात आले आहे.