हिरो व्हायला निघालेला पुणतांब्याचा पोरगा

दरवर्षी २६ जानेवारीला सकाळी तुम्ही ते गाणं ऐकता. सेनगाव असो की वसमत, कळमनुरी असो की औंढा, झेंडावंदनाच्या आधी शाळेच्या भोंग्यावर ‘ऐ मेरे वतन के लोगो’ लागतंच. कुणी गायलं, हे कुणालाही विचारा. लता मंगेशकरांचं नाव लगेच येईल. थोडी जास्त माहिती असलेला एखादा कवी प्रदीप यांचंही नाव घेईल. पण चाल कुणाची, असं विचारलं की वर गेलेले हात हळूच खाली येतात.

चाल आहे सी. रामचंद्र यांची. नाव ऐकून माणूस दक्षिणेकडचा वाटतो ना? पण हा अस्सल मराठी गडी. पूर्ण नाव रामचंद्र नरहर चितळकर. जन्म १२ जानेवारी १९१८, नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचा. आपल्या हिंगोलीहून पूर्णा गाठायची, तिथून मनमाड, आणि मनमाडहून दौंडच्या लाइनवर निघालं की हे गाव लागतं. जशी आपल्याकडे नामदेव महाराजांची नरसी, तसं गोदाकाठचं हे पुणतांबा चांगदेवांचं. त्यांची समाधी तिथेच आहे. त्याच गावात जन्मलेल्या या पोराने पुढे हिंदी सिनेमाला सॅक्सोफोनवर नाचायला शिकवलं. आणि गंमत म्हणजे तो मुंबईला गेला होता तो संगीतकार व्हायला नाहीच!

पहिलं दार बंद

रामचंद्रने पुण्यात विनायकबुवा पटवर्धनांच्या गांधर्व महाविद्यालयात गाण्याचे धडे घेतले होते. गळा चांगला, अंगात उत्साह, आणि डोक्यात सिनेमा. बोलपट येऊन जेमतेम चार वर्षं झाली होती. त्या काळी हिरोलाच स्वतःची गाणी म्हणावी लागत, त्यामुळे गाता येणाऱ्या पोराला संधी होती. ती मिळालीही. १९३५ मध्ये वाय. व्ही. राव यांच्या ‘नागानंद’मध्ये तो थेट नायक झाला. वय वर्षं सतरा. विचार करा, बारावीच्या वयात पडद्यावर हिरो!

सिनेमा पडला.

मग कुणी हिरो म्हणून विचारेना. सोहराब मोदींच्या मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये किरकोळ भूमिका मिळाल्या. काल नायक आणि आज मागच्या रांगेत, ही गोष्ट त्या वयात किती लागली असेल, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. आपल्याकडेही कुणाचा नीटचा नंबर हुकतो, कुणाची पोलीस भरती अर्ध्या गुणासाठी जाते, आणि मग गावात मान वर करून फिरणं जड जातं. बॅग भरून पुणतांब्याला परतणं रामचंद्रला सोपं होतं. त्याने तसं केलं नाही. त्याच कंपनीत तो पेटी वाजवायला बसला. हबीब खान, बुंदू खान यांच्यासारख्या संगीतकारांना साथ करायची, चाल कशी बसते, वाद्यं कुठे येतात, गाणाऱ्याचं कुठे चुकतं, हे रोज जवळून पाहायचं. फी न भरता मिळालेलं हे त्याचं खरं कॉलेज.

संगीतकार म्हणून पहिलं काम मिळालं तेही वाकड्या वाटेनं. ‘जयक्कोडी’ आणि ‘वनमोहिनी’ हे सिनेमे होते तमिळ! मराठी पोराची सुरुवात मद्रासी पडद्यावर झाली. याच सुमारास जोडी जमली ती भगवान पालव यांच्याशी, म्हणजे आपल्या भगवान दादांशी. १९४२ च्या ‘सुखी जीवन’पासून हिंदीत रामचंद्रचं नाव ऐकू येऊ लागलं.

नावं किती?

नाव म्हणजे तरी नेमकं कोणतं? हा माणूस कुठे राम चितळकर झाला, कुठे अण्णासाहेब, कुठे श्यामू. चाली दिल्या की सी. रामचंद्र, आणि स्वतः माइकसमोर उभा राहिला की नुसता चितळकर. सिनेमाच्या जगात सगळे त्यांना अण्णा म्हणत. आपणही आता तसंच म्हणू. आज आपण एका इन्स्टा हँडलसाठी दोन दिवस डोकं खाजवतो. अण्णांनी अर्धा डझन नावं वापरली आणि त्याची किंमतही मोजली. रेकॉर्डवरचा चितळकर आणि पडद्यावरचा सी. रामचंद्र हे एकच, हे कित्येक रसिकांना पुढे अनेक वर्षं ठाऊक नव्हतं.

रविवारचं गाणं

आता तारीख बघा, १५ ऑगस्ट १९४७. देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी अण्णांचा ‘शहनाई’ प्रदर्शित झाला. आपला हिंगोली भाग तेव्हा निजामाच्या राज्यात होता. आपल्याला स्वातंत्र्य मिळायला १७ सप्टेंबर १९४८ उजाडायचा होता. पण गाण्याला सरहद्द कोण विचारतो! त्या सिनेमातलं रविवारी भेटायला बोलावणारं गाणं देशभर गाजलं. त्यात गिटार होती, माउथ ऑर्गन होता, सॅक्सोफोन होता, चक्क शिट्टीही होती. अमेरिकेतल्या बेनी गुडमनचं जॅझ अण्णांना आवडायचं. ते त्यांनी ऐकलं, पचवलं आणि आपल्या ठेक्यात बसवलं.

हे एकट्याचं काम नव्हतं. मुंबईतल्या हॉटेलांत आणि क्लबांत तेव्हा गोव्याचे वादक जॅझ वाजवत. दिवसा तेच वादक स्टुडिओत येऊन सिनेमाची गाणी वाजवत. ट्रम्पेट वाजवणारा चिक चॉकलेट त्यातलाच. मूळ नाव अंतोनियो झेवियर वाझ. त्याच्यासारख्यांना अण्णांनी सोबत घेतलं. एकीकडे पटवर्धनबुवांची तालीम, दुसरीकडे गोव्याचं ट्रम्पेट, आणि मधे बसलेले अण्णा. १९४९ च्या ‘पतंगा’तलं रंगूनच्या टेलिफोनचं गाणं शमशाद बेगमसोबत त्यांनी स्वतःच गायलं. १९५० मध्ये ‘समाधी’ आला, १९५१ मध्ये ‘अलबेला’. भगवान दादांचा तो साधा, हळू पावलांचा नाच तुम्ही रील्समध्येही पाहिला असेल. त्यामागचा आवाज चितळकरांचा, म्हणजे अण्णांचाच.

सगळ्यांना हे रुचलं असं समजू नका. असली गाणी म्हणजे थिल्लरपणा, यानं संगीत बिघडतं, अशी टीका झाली. १९५२ मध्ये बा. वि. केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली. मग ऐकणारे रेडिओ सिलोनकडे वळले. तेव्हाच्या कॉलेजातल्या पोरांना आपल्याच देशातली गाणी ऐकायला लंकेचं स्टेशन लावावं लागायचं, बोला!

टीकेला उत्तर

अण्णांनी उत्तर दिलं ते चालीतून. १९५३ चा ‘अनारकली’ ऐका. रविवारच्या शिट्टीवाला हाच का तो माणूस, असा प्रश्न पडेल. भीमपलासी, बागेश्री या रागांवरच्या हळुवार, शांत चाली, आणि लताबाईंचा कोवळा आवाज. वाद्यं मागे सरकलेली, शब्द पुढे आलेले. ‘अलबेला’तही धमाल गाण्यांच्या शेजारी एक अंगाई आहे. ती रात्री हेडफोनवर ऐकून बघा, झोपेच्या आधी डोळे ओले होतील. बागेश्रीवर अण्णांचा भारी जीव; १९५५ च्या ‘आझाद’मध्येही त्यांनी तो वापरला. या ‘आझाद’चं काम त्यांनी फार थोड्या दिवसांत उरकून दिलं, आणि गाणी आजही ताजी आहेत.

आणि मग १९५७ मध्ये ‘आशा’. त्यातलं ‘ईना मीना डीका’ म्हणजे आपल्याकडच्या रॉक अँड रोलची सुरुवातच म्हणा. पोरांच्या खेळातल्या बडबडीवरून ते सुचलं, आणि सोबतच्या गोवेकर साथीदारामुळे त्यात कोकणीही शिरली, असं सांगतात. म्हणजे ज्या हाताने ‘अनारकली’ केली, त्याच हाताने हे. अण्णांनी कुठली एक बाजू धरलीच नाही. शास्त्रीय की पाश्चात्त्य, आपलं की परकं, असं भांडण त्यांच्या गाण्यात दिसतच नाही.

उतार

इथवर वाचून वाटेल की झालं, गोष्ट सुफळ संपूर्ण. पण पुढचा भाग सांगितला नाही तर ही गोष्ट खोटी ठरेल.

अण्णांनी निर्माता व्हायचं ठरवलं. न्यू साई प्रॉडक्शन्स काढली. १९५३ मध्ये ‘झांझर’ आणि ‘लहरें’, १९५५ मध्ये ‘दुनिया गोल है’. ‘अलबेला’सारखं यश यातल्या एकालाही आलं नाही. दशक संपता संपता लताबाईंशी दुरावा आला. ज्या आवाजावर त्यांच्या सगळ्यात सुंदर चाली उभ्या होत्या, तोच आवाज दूर गेला. १९५९ च्या व्ही. शांतारामांच्या ‘नवरंग’मध्ये त्यांनी आशा भोसले आणि महेंद्र कपूर यांच्याकडून गाऊन घेतलं, आणि ती गाणी गाजलीही. पण वारं फिरलं होतं. नवे संगीतकार आले, अण्णांकडची कामं कमी होत गेली.

अशा उतरत्या काळात ते गाणं आलं. १९६२ च्या चीन युद्धात देश खचला होता. प्रदीप यांनी शब्द लिहिले, अण्णांनी चाल लावली, आणि दुरावा बाजूला ठेवून लताबाई गायल्या. २७ जानेवारी १९६३, दिल्लीचं नॅशनल स्टेडियम, समोर पंतप्रधान नेहरू. या गाण्यामागे ना सिनेमा होता, ना नट, ना नाच. तरी ते देशाला पाठ झालं. चाल पुन्हा ऐका. कुठेही आरडाओरड नाही, ढोल बडवलेला नाही. युद्धावरचं गाणं, पण एखादी आई शेजारी बसून सांगतेय असं. ‘शहनाई’चा धुमाकूळ घालणाऱ्या माणसाला कुठे गप्प राहायचं, हेही कळत होतं.

या गाण्याने त्यांचे जुने दिवस परत आणले का? नाही. गाणं अमर झालं, पण हिंदीतली कामं काही वाढली नाहीत. अण्णा मराठीकडे वळले. १९६६ मध्ये ‘धनंजय’, १९७० मध्ये ‘घरकुल’. पैसा त्यांचा, संगीत त्यांचं, आणि पडद्यावर कामही त्यांचं. ‘नागानंद’मध्ये बंद झालेल्या दारातून ते पन्नाशीत पुन्हा आत शिरले, पण आता कुणाच्या मेहरबानीवर नाही. ‘घरकुल’मध्ये सुरेश भटांच्या शब्दांना दिलेली ‘मलमली तारुण्य माझे’ची चाल आजही मैफलींत गायली जाते. गदिमांच्या ‘गीतगोपाल’लाही त्यांनीच चाली दिल्या. १९७७ मध्ये ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र आलं. ५ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत अण्णा गेले. चौसष्टावा वाढदिवस आठवड्यावर आला होता.

तुमच्यासाठी एक काम

अण्णांनी हट्ट सोडला नाही म्हणून जिंकले, अशी सरळ गोष्ट ही नाही. ते हरलेही, भांडलेही, पैसाही बुडवला. पण जिथे जागा मिळाली तिथलं काम त्यांनी मनापासून शिकून घेतलं. पेटीवर बसले नसते तर ‘अनारकली’ झाली नसती. तुम्ही आज ज्या जागी नाइलाजाने बसला आहात, तिथेही बघण्यासारखं काही असेल. ते बघून ठेवा.

आणि एवढं करा. या रविवारी मोबाइलवर चार सिनेमांची गाणी ओळीने ऐका: ‘शहनाई’, ‘अलबेला’, ‘अनारकली’, ‘आशा’. मित्राला आधी नाव सांगू नका. चारही चाली एकाच माणसाच्या आहेत हे त्याला ओळखता येतं का, ते बघा. मग येत्या २६ जानेवारीला भोंगा सुरू झाला आणि कुणी विचारलं की चाल कुणाची, तर वर गेलेला तुमचा हात खाली येऊ देऊ नका.